रेवाला बोलावणं

चार वर्षांत दोन्ही विहिणींचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि तेही नेमकं नको त्या गोष्टीवर.

एरवी अरुंधतीबाईंनी पूर्व म्हटलं की भामाबाईंनी पश्चिम म्हणायचं, हे ठरलेलं. एक नवीन पनवेलच्या सेक्टरमधली, बँकेतून रिटायर झालेली, नवरा गेल्यावर एकुलत्या एका लेकीसाठीच जगणारी. दुसरी करंजाड्याला लागून असलेल्या गावातली, बापाच्या मिठागरात पाय भाजून घेत वाढलेली, आणि आता जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या तीन मजली बंगल्याची मालकीण. अरुंधतीबाईंची पूर्वी आणि भामाबाईंचा केतन कॉलेजात भेटले, लग्न करून मोकळे झाले, आणि या दोघी एकमेकींच्या वाट्याला आल्या. लग्नात मानपानावरून बिनसलं ते बिनसलंच. त्यात दीड वर्षापूर्वी पूर्वीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हापासून तर बोलणंच बंद. निरोप जायचे ते केतनमार्फत, आणि केतन ते दोन्हीकडे जरा साखर लावून पोचवायचा. बिचाऱ्याला दुसरं काही जमतही नव्हतं.

आज मात्र पूर्वीच्या ओटभरणाच्या दिवशी, सकाळी सकाळी, बंगल्याच्या मागच्या स्वयंपाकघरात दोघी एकाच परातीपुढे बसून मोदक वळत होत्या आणि एकमेकींची वाक्यं पुरी करत होत्या.

"मी काय म्हणते," अरुंधतीबाई म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण आईनं करायचं. हा काही मी काढलेला नियम नाही."

"नाय ना! आमच्यात पन तेच. पयलं म्हायेरी."

"मग ही डूला कशाला?"

"तेच तं!"

"मी पूर्वीला सरळ विचारलं. ती बाळंतपण करते का? नाही म्हणे, ते डॉक्टर करणार. तपासते का? नाही. औषध देते? नाही. मग करते तरी काय? तर म्हणे, आधीपासून घरी येते, बोलते, श्वास कसा घ्यायचा, कसं बसायचं ते शिकवते. कळा सुरू झाल्या की शेवटपर्यंत जवळ राहते. नंतर बाळाला पाजायला बसवते. म्हणजे जवळ बसायला बाई! आई जिवंत असताना!"

"आनि सासू!" भामाबाईंनी मोदकाची पाकळी अशी काही चिमटली की ती तुटूनच आली. "आमी दोघी काय मेलाव?"

दुखणं खरं वेगळंच होतं. ज्या नर्सिंग होममध्ये पूर्वीचं नाव घातलं होतं, तिथे आतल्या खोलीत बाईबरोबर एकाच माणसाला सोडत. केतनला सुई टोचलेली बघूनसुद्धा घेरी यायची, त्यामुळे त्याचा प्रश्न नव्हता. ती एक जागा अरुंधतीबाईंनी मनातल्या मनात केव्हाच आपल्या नावावर केली होती. भामाबाईंनीही केली होती. आणि पूर्वीनं ती या डूलाला, रेवाला, देऊन टाकली.

तरीही दोघींनी तोंड दाबून सहन केलं असतं. पण बॅनर लागला.

आता घ्या! बळीराम म्हणजे भामाबाईंचे यजमान, गावचे माजी सरपंच. माणूस मनाचा इतका मोकळा की त्याला आनंद झाला आणि नाक्यावर फ्लेक्स लागला नाही, असं कधी झालंच नव्हतं. सुनेचं ओटभरण म्हटल्यावर त्यांनी भलामोठा बॅनर छापून घेतला. मधोमध पूर्वी आणि केतन, खाली शुभेच्छुकांच्या मुंड्यांची रांग, आणि उजव्या अंगाला, खुद्द बळीरामांच्या फोटोपेक्षाही मोठा, रेवाचा फोटो. केतनच्या फोनमधल्या तिच्या डीपीवरून उचललेला. गॉगल लावून, लोणावळ्याच्या कुठल्याशा कड्यावर हात पसरून उभी असलेली रेवा, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'विशेष उपस्थिती : डूला मॅडम.' बळीरामांच्या मनात काही काळं नव्हतं हो. जी बाई आपल्या सुनेसाठी येते तिचा मान राखायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

पण सकाळपासून गावातली झाडून सगळी बायामंडळी भामाबाईंना एकच विचारत होती. "कोन गो ती गॉगलवाली?" एका चुलत जावेनं तर हळूच कानाशी येऊन विचारलं, "केतनचं काय दुसरं लफडं नाय ना?"

झालं. भामाबाई घरात आल्या त्या रागानं लाल होऊन. अरुंधतीबाई पोचल्याच होत्या. दोघींनी मिळून केतनला जिन्याखाली गाठलं, आणि ज्या दोन बायकांना तो चार वर्षं एकमेकींपासून वाचवत आला होता, त्या दोघी एकदम त्याच्यावर तुटून पडल्या. पाच मिनिटांत केतननं फोन काढला आणि रेवाला मेसेज टाकला. 'आज येऊ नका. पुढचंही तूर्त नको. सॉरी.'

दुपारी मांडवात बळीराम झब्ब्याच्या बाह्या सरसावत केतनजवळ आले.

"डूला मॅडम कवा येतान रं? मी बॅंजोवाल्याला सांगितलाय, बाय गारीतून उतरली का वाजवाचा."

"नाना, त्या येणार नाहीत."

"का? आजारी हाय का काय?"

"नाही. मीच नको सांगितलं."

बळीराम त्याच्याकडे बघतच राहिले. "तू सांगितलं? का तुझे तोंडून कुनी सांगितलं?"

केतन वरच्या मजल्यावर गेला आणि उगाचच पाण्याची टाकी भरली का ते बघून आला. पूर्वीला काय सांगायचं, हे त्यानं तिथे तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. गेल्या तीन महिन्यांत रेवा घरी येऊन गेली की पूर्वीला झोप लागायची. त्याआधी ती रात्र रात्र पोटावर हात ठेवून जागी असायची, बाळ हलतंय का ते बघत. हे त्याला माहीत होतं, त्याच्या आईला नव्हतं आणि तिच्या आईलाही नव्हतं. माहीत असून त्यानं तो मेसेज पाठवला होता, आणि आता त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

खाली पूर्वी झोपाळ्यावर बसली होती. हिरवी साडी, अंगावर फुलांची वाडी, सातव्या महिन्याचं छान गोलसर पोट. बायका ओळीनं येऊन ओटी भरत होत्या, गाल कुरवाळत होत्या, मुलगा की मुलगी याच्यावर पैजा लावत होत्या. पूर्वी हसत होती, पण दर थोड्या वेळानं तिचे डोळे फाटकाकडे जायचे. एकदा तिनं केतनला खुणेनं विचारलं. त्यानं ट्रॅफिक आहे म्हणून हात हलवला. करंजाड्यात दुपारी दोन वाजता कसला आलाय ट्रॅफिक!

शेवटी तिनं ओटीतले तांदूळ बाजूला सारून फोन काढला. रेवाचा मेसेज आलेला होता. 'केतनचा निरोप मिळाला. काही वाईट वाटून घेऊ नकोस. श्वासाचं रोज कर. तुला आणि बाळाला खूप खूप आशीर्वाद.'

पूर्वीनं तो दोनदा वाचला. मग झोपाळ्याची कडी धरून उठली, समोर ओटी घेऊन उभ्या असलेल्या मावशींना "एक मिनिट हं" म्हणाली, आणि फुलांची वाडी सांभाळत सरळ आतल्या खोलीत गेली. तिच्या मागोमाग केतन धावला, आणि त्याच्या मागोमाग दोन्ही आया.

"दार लाव," पूर्वी म्हणाली. केतननं लावलं. "रेवाला कोणी नको सांगितलं?"

"मी."

"का?"

केतननं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. तेच उत्तर होतं.

"अगं, चिडू नकोस," अरुंधतीबाई पुढे झाल्या. "आम्ही आहोत ना दोघी! परकी बाई ती परकीच. तुझ्या पाठीवरून हात फिरवायला आईपेक्षा..."

"आई, त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"कुठल्या दिवशी?"

"माझं बाळ गेलं त्या दिवशी."

बाहेर बॅंजोवाले बोटं मोकळी करत होते.

"मी? तिथेच की. हॉस्पिटलातच होते. सकाळपासून."

"हो. दाराच्या बाहेर. तू म्हणत होतीस आपल्या डॉक्टरांकडे हलवा. या मम्मी म्हणत होत्या बेलापूरला न्या. मला आत सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालीस, तुमच्या घरात पोरीला विसावा कुठाय. मम्मी म्हणाल्या, नोकरीला पळते म्हणून हे झालं. केतन एकदा तुझ्यापुढे हात जोडत होता, एकदा त्यांच्यापुढे. गावातून दोन गाड्या भरून माणसं आली होती. सगळे होतात गं. आणि माझ्याजवळ कोणी नव्हतं." पूर्वीचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "चादर बदलायला एक बाई आली होती. तिचा हात मी धरला. तिला दुसऱ्या खोलीतून हाका मारत होते, तरी ती गेली नाही. मला तिचं नावसुद्धा माहीत नाही."

"पूर्वी..." भामाबाई म्हणाल्या.

"मम्मी, मला बोलू द्या. मला भीती वाटते. कळांची नाही वाटत, ते रेवानं समजावलंय. मला तुमची भीती वाटते. तुमच्यातली एक आत आली की दुसरी बाहेर रुसणार, आणि मी आतून तुमचे आवाज ऐकत बसणार. म्हणून मला असं कोणीतरी हवं होतं, जे ना तुझं ना त्यांचं. फक्त माझं."

एवढं बोलून ती पलंगावर बसली आणि हातानं तोंड झाकून रडली. केतन तिच्या पायाशी खाली फरशीवर बसला. त्यानं काही समजावलं नाही, हे बरं केलं.

अरुंधतीबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना लेकीला जवळ घ्यायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कळेना की आपण जवळ गेलेलं तिला चालेल का.

भामाबाई मात्र दाराशी उभ्या होत्या आणि त्यांना दुसरंच काही आठवत होतं. त्यांची आई गावातली धवलारीण. हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवले गाणारी, त्यांच्यात भटजीच्या आधी जिचा मान, ती बाई. तिला बोलवायला नवऱ्यामुलाची आई स्वतः दारात यायची, पान-सुपारी घेऊन. एकदा पलीकडच्या पाड्यातल्या एका घरानं बोलावणं करून नेमकं हळदीच्या दिवशी पोराबरोबर सांगून पाठवलं होतं, आता नको, दुसरी मिळाली. आई साडी नेसून बसली होती. तिनं ती सोडली, घडी घातली, जुनेर नेसली आणि मिठागरावर गेली. घरात कुणाला एक अक्षर बोलली नाही. लहानग्या भामाला त्या घरातल्या बायकांचा इतका राग आला होता की तिनं त्यांच्या आंब्याला दगड मारले होते. आज आपण तेच केलं. दुसऱ्याच्या पोरीला.

भामाबाईंनी पदर खोचला.

"ईनबाय, चला."

"कुठे?"

"तिला बोलवाला."

"अहो, फोन करते ना मी. माफी मागते तिची, स्पष्ट मागते."

"फोन नाय. बोलावनं फोनवर मोडलं, ते फोनवर जोडाचं नाय. दारात जाव्हं लागंल. दोघींना. दोघींनी मोडलाय." आणि केतनकडे वळून, "तू बायकोजवल बस. हललास तर बघ."

बळीरामांची मोठी गाडी मांडववाल्याच्या टेम्पोमागे अडकली होती, त्यामुळे दोघी नाक्यावरून रिक्षात बसल्या. भामाबाईंच्या मांडीवर ताट, त्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर गजरा. अरुंधतीबाईंच्या मांडीवर मोदकांचा डबा. केतननं दिलेला रेवाचा पत्ता कामोठ्याचा, तिथे जायचं तर हायवे ओलांडून जायचं, आणि प्रत्येक खड्ड्याला नारळ उसळायचा आणि अरुंधतीबाई तो झेलायच्या. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलंच, "लग्नाला चाललाव का काय?" "गप गारी चालव," भामाबाई म्हणाल्या.

हायवे ओलांडल्यावर अरुंधतीबाई बोलल्या. "ते मी विसाव्याचं बोलले होते. तुमच्या घराबद्दल. ते मी तेव्हा रागात बोलले."

"मी पन रागातच. नोकरीचा." भामाबाईंनी नारळ नीट बसवला. "मी डॉक्टरला नंतर इचारलं. त्यानी सांगितलं, असं कायपन नसतंय. पन मी परत येऊन पोरीला बोललीच नाय."

"मीही नाही."

पुढच्या खड्ड्याला नारळ उसळला, तो दोघींनी एकदमच धरला.

रेवा एका जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडलं ते तिनंच. केसांना चपचपीत तेल, गाउन, हातात कपड्यांचे चिमटे. समोर दोन बायका, एकीच्या हातात ओटीचं ताट. तिनं आधी ताटाकडे पाहिलं, मग दोघींकडे, आणि चिमटे गाउनच्या खिशात टाकले.

"पूर्वी बरी आहे ना?"

हा पहिला प्रश्न ऐकूनच अरुंधतीबाईंना कसंतरी झालं. आपण सकाळपासून मान, हक्क, पद्धत असलं सगळं बोललो, हे एक वाक्य बोललो नाही.

"बरी हाय. रडते," भामाबाईंनी सांगून टाकलं. "आमच्यामुलं. तुमाला बोलवाला आलाव. आत घ्या का उंबऱ्यात भरू ओटी?"

"अहो, काय हे! या, बसा आधी."

रेवा आधी एका विमा कंपनीत होती. स्वतःच्या मुलीच्या वेळी तिला जे काही सोसावं लागलं त्यानंतर तिनं ते सोडून हे शिकून घेतलं होतं. बोलणं फटकळ आणि भरभर. तिनं पाणी आणून ठेवलं आणि समोर बसून सरळच सुरुवात केली.

"खरं सांगू? मला राग आलाय. तीन महिने मी तिच्याबरोबर आहे. आज सकाळी साडी काढून ठेवली होती मी इस्त्रीची. आणि काय, तर 'तूर्त नको'! आणि तो बॅनर! माझ्या नवऱ्याला ऑफिसातून कोणीतरी फोटो पाठवला. गॉगलातला! मला एकदा विचारायचं तरी."

"ते आमच्या ह्यांचं काम," भामाबाई कसनुशा झाल्या. "त्यांना तुमचा मान कराचा व्हता."

"आणि मेसेज?"

"आमी लिवाला लावला."

"वाटलंच मला. केतनला 'तूर्त' शब्द सुचणार नाही."

"तो माझा," अरुंधतीबाई म्हणाल्या.

रेवाला हसू येत होतं, पण तिनं ते आवरलं. "हे बघा, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण मी येणार नाही. माझा मान बिन सोडा. जिथे घरच्यांना मी नको असते तिथे मी जात नाही. कळा येतायत आणि बाई दाराकडे बघतेय, बाहेर कोण रुसलंय म्हणून. अशानं ती अंग सैल सोडणार कशी? मग मी आत असून काय उपयोग? तुम्ही आज ओटी भराल, आणि त्या दिवशी दारात उभ्या राहाल, हिला बाहेर काढा, मी आई आहे म्हणून."

अरुंधतीबाईंना गालावर चपराक बसल्यासारखं झालं, कारण ते अगदी खरं होतं. त्यांनी ते तसंच ठरवलेलं होतं. वेळ आली की कोण अडवणार आईला, असं त्या नणंदेला फोनवर म्हणाल्यासुद्धा होत्या.

"तुम्ही नेमकं काय करता," त्यांनी विचारलं, "ते मला दाखवा. सांगू नका. दाखवा."

रेवानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली. "बसा. उलट्या. खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून, हात तिच्यावर टेकवून, डोकं हातांवर."

"मी?"

"मग कोण? तुम्हीच म्हणालात ना दाखवा." अरुंधतीबाई साडी सावरत बसल्या. साठीच्या बाईला असं घोड्यावर बसल्यागत बसायचं म्हणजे काय, पण बसल्या. "आता भामाताई, तुम्ही मागे या. दोन्ही तळहात कमरेच्या खाली, दोन बाजूंना. आणि आत दाबा. जोरात."

भामाबाई बिचकल्या. चार वर्षांत कुंकू लावण्यापलीकडे त्यांचा हात या बाईला लागला नव्हता. "लागंल त्यांना."

"नाही लागत. कळ कमरेत भरते तेव्हा हा दाब हवाहवासा वाटतो. दाबा."

भामाबाईंनी दाबलं. फावडं धरलेले हात ते, त्यांना जोर काय नवा होता!

"जरा डावीकडे," अरुंधतीबाई म्हणाल्या. "आणि थोडं खाली, मी काय म्हणते..."

"अरुंधतीताई, सूचना नाहीत. श्वास फक्त."

अरुंधतीबाईंनी लांब श्वास सोडला. खाली रस्त्यावर क्लासची पोरं गलका करत चालली होती. भामाबाई दाबत राहिल्या, सोडत राहिल्या, रेवा सांगेल तसं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हाताखालची पाठ हलतेय.

"लागलं का, ईनबाय?"

"नाही." आवाज खुर्चीतून आल्यासारखा आला. "सोडू नका."

भामाबाईंनी सोडलं नाही.

"पूर्वी झाली तेव्हा माझी आई साताऱ्याहून निघाली होती," अरुंधतीबाई तशाच डोकं टेकवून बोलल्या. "पोचलीच नाही वेळेवर. सासरचे नावं ठेवून घरी गेले, ही फार ओरडते म्हणून. मी खिडकीचा गज धरून होते हो. लोखंडी गज. तेव्हाच ठरवलं, माझ्या लेकीच्या वेळी मी असेन. मीच असेन. एवढं ठरवलं, एवढं ठरवलं, की तिला कोण हवंय ते विचारायचं राहूनच गेलं."

भामाबाईंना पुढचं दिसेना. त्यांनी खांद्यानं डोळे पुसले, हात होते तिथेच ठेवले. बाईच्या पाठीला इतकी वर्षं कुणाचा हात लागला नसेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आपल्याला वाटायचं हिचा ताठा आहे.

रेवानं अरुंधतीबाईंना उठवलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं अरुंधतीबाईंनी तोंड धुतलं, गजरा नीट केला आणि ताट हातात घेतलं. ओटी त्यांनी स्वतः भरली. भामाबाईंनी कुंकू लावलं.

"मी दारात उभी राहणार नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास नसेल तर या माझ्यावर लक्ष ठेवतील."

"ठेवीन," भामाबाई म्हणाल्या. "आनि माझ्यावर ह्या."

रेवा ओटीचा पदर धरून उभी राहिली. "केसांना तेल आहे हो. धुवायला वेळ नाही."

"नाक्यावर तुमचा गॉगलवाला फोटू हाय. तेल कोन बघतंय!"

तिघी एका रिक्षात कोंबून बंगल्यावर पोचल्या तेव्हा पंगती उठल्या होत्या, पण बॅंजोवाले बळीरामांनी सोडले नव्हते. रेवा उतरली आणि त्यांनी असं काही वाजवायला घेतलं की शेजारच्या गल्लीतले लोक गॅलरीत आले. बळीरामांनी हात जोडून "या मॅडम, या" केलं. गॉगलवाली ती हीच, आणि सुनेसाठी आलीय, हे भामाबाईंनी फाटकातच त्या चुलत जावेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

पूर्वी पुन्हा झोपाळ्यावर येऊन बसली होती. डोळे सुजलेले, शेजारी केतन. तिनं रेवाला पाहिलं आणि सरकून झोपाळ्यावर जागा केली. रेवा तिच्या बाजूला बसली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "काय म्हणतायत आमचे साहेब? की बाईसाहेब?" पूर्वी रडतारडता हसली.

अरुंधतीबाई झोपाळ्यासमोर खुर्चीवर बसल्या. लेकीच्या अंगावरची चुरगळलेली फुलं उगाच सारखी करायला त्यांचा हात गेला, तो त्यांनी मागे घेतला.

"आत रेवा असेल," त्या म्हणाल्या. "मी बाहेर. विहीणबाईपण बाहेर."

पूर्वीनं आईकडे पाहिलं, मग सासूकडे. "आणि भांडलात तर?"

"भांडू," भामाबाई म्हणाल्या, "पन घरी येऊन."

केतन इतक्या मोठ्यानं हसला की बॅंजोवाल्यांना वाटलं थांबायची खूण झाली, आणि त्यांनी वाजवणं थांबवलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत पूर्वीनं पुढे वाकून, जेवढं पोट वाकू देईल तेवढं, आईचा मागे घेतलेला हात धरला.

"आई, रेवा असेल. मला तीच हवी आहे. पण मधेच मला तू हवी झालीस तर?"

अरुंधतीबाईंनी रेवाकडे पाहिलं. रेवानं मान हलवली.

"मी तिथेच बसलेली असेन," अरुंधतीबाई म्हणाल्या. "तू बोलावलंस की येईन."